लाटलेल्या पैशापेक्षा मोठे नुकसान : भ्रष्टाचारामुळे सार्वजनिक सेवा आतून कशा खचतात

प्रश्न असा आहे : सरकारी कंपन्यांतील भ्रष्टाचार उघडकीस येतो तेव्हा लाटलेली रक्कम त्या कंपनीच्या एकूण उलाढालीच्या मानाने बहुधा लहानच असते, मग वीज, पाणी, रेल्वे यांसारख्या सेवा एवढ्या ढासळतात कशा, आणि खासगीकरणाने हा रोग बरा होतो का? सार्वजनिक उपक्रमांच्या लेखापरीक्षणात माझी तीन दशके गेली. तो अनुभव आणि निरनिराळ्या देशांतील चौकशी आयोग, न्यायालये व अभ्यासक यांनी नोंदवून ठेवलेला तपशील यांच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

लाटलेली रक्कम लहान असते, हे निरीक्षण बरोबर आहे. मात्र ती लहान असते म्हणून नुकसानही लहान असले पाहिजे, हा समज चुकीचा आहे. लाच ही चुकीचा निर्णय विकत घेण्याची किंमत असते, आणि सौदा करणारा मिळणाऱ्या लाभापेक्षा कमी किमतीतच सौदा करतो. शंभराच्या खरेदीत पाच कुणाच्या खिशात गेले की बातमी पाचाची होते. ती खरेदी मुळात गरजेचीच नसेल किंवा आलेले यंत्र निकृष्ट असेल, तर शंभरच्या शंभर पाण्यात जातात. शिवाय त्या शंभरातून जी दुरुस्ती व्हायला हवी होती ती राहून गेल्यामुळे पुढे जे बंद पडते, त्याचा हिशेब कुठल्याच आरोपपत्रात येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पाणीपुरवठा संस्थेच्या उपसा केंद्राची तपासणी माझ्याकडे होती. तेथील देखभालीची नोंदवही अत्यंत नेटकी होती : दर सोमवारी पंपांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरल्याची नोंद आणि खाली सही. बावन्न आठवड्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या म्हणून मी प्रत्यक्ष पंपापाशी गेलो. ज्या तोंडातून ग्रीस भरतात त्या निपलवर निळ्या तेलरंगाचा थर होता आणि तो अखंड होता. ग्रीस गन त्यावर एकदा जरी बसली असती, तरी रंगाचा टवका उडाला असता. रंगकामाचे देयक काढून पाहिले, तर ते दोन वर्षांपूर्वीचे निघाले. ग्रीसची खरेदी मात्र भांडार वहीत दर तिमाहीला दाखवलेली होती. राखीव पंपाचे सुटे भाग काढून इतर पंपांना लावता लावता त्याचा केवळ सांगाडा उरला होता, आणि त्याच आवारात नव्या, दुप्पट क्षमतेच्या पंपगृहाची कोनशिला बसवून झाली होती. पंपचालकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ग्रीस मागायला गेलो की सांगतात, थांबा, आता नवीन पंपच येणार आहेत."

त्या वाक्यात सार्वजनिक सेवांच्या ऱ्हासाची बरीचशी यंत्रणा सामावलेली आहे. देखभालीचे काम रोजचे, बारीकसारीक आणि अनेक हातांत विखुरलेले असते. त्याची देयके लहान असतात, त्याचे उद्घाटन होत नाही आणि ते नीट झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नव्या प्रकल्पाचा कार्यादेश एकाच सहीने निघतो, रक्कम मोठी असते आणि टक्केवारी एकाच ठिकाणी ठरते. ज्या संस्थेत खर्चाचे निर्णय टक्केवारी पाहून होतात, तेथे पैसा आपोआप देखभालीकडून बांधकामाकडे वळतो. देखभालीसाठी जो काही निधी उरतो, त्यातले काम कागदावर करणेही सोपे असते, कारण गटारातून किती गाळ काढला किंवा पंपाला किती ग्रीस घातले, हे वर्षाने कुणाला मोजता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या एस्कॉम या सरकारी वीज कंपनीचे उदाहरण मी नेहमी विस्ताराने सांगतो, कारण तेथे काय घडले याची शपथेवरील साक्षींसह तपशीलवार नोंद उपलब्ध आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी देशाची बहुतांश वीज पुरवते. २००१ मध्ये तिला जगातील सर्वोत्कृष्ट वीज कंपनी म्हणून पुरस्कार मिळाला होता. त्याच्याही आधी, १९९८ च्या ऊर्जा धोरणाच्या श्वेतपत्रिकेत, नवीन क्षमता उभारली नाही तर २००७ च्या सुमारास वीज अपुरी पडेल असा इशारा सरकारला देण्यात आला होता. निर्णय लांबला आणि २००७ च्या अखेरीस भारनियमन सुरू झाले. सारे खापर भ्रष्टाचारावर फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उशिरा झालेला निर्णय, जुनी होत चाललेली केंद्रे आणि दिवे चालू ठेवण्यासाठी पुढे ढकललेली देखभाल ही कारणे होतीच. पण टंचाईमुळे घाई झाली, आणि घाईत केलेली खरेदी लुटारूंच्या पथ्यावर पडते.

मेदुपी आणि कुसिले या दोन महाकाय कोळसा वीज केंद्रांची कामे त्या घाईत काढण्यात आली. त्यांचे बॉयलर पुरवणाऱ्या हिताची कंपनीने आपल्या स्थानिक उपकंपनीतील २५ टक्के हिस्सा सत्ताधारी पक्षाशी संलग्न असलेल्या एका गुंतवणूक संस्थेला दिला होता. या प्रकरणात अमेरिकेच्या रोखे नियामकाशी तडजोड करून हिताचीने २०१५ मध्ये १.९ कोटी डॉलर दंड भरला, आरोप मान्य वा अमान्य न करता. म्हणजे ज्या पक्षाचे सरकार वीज कंपनीचे मालक होते, त्याच पक्षाचे हितसंबंध तिच्या पुरवठादारातही होते. अशा वेळी बॉयलरच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, तर पुरवठादाराला कठोरपणे जाब विचारायचा कुणी? मेदुपीच्या बॉयलरमध्ये असे दोष खरोखरच निघाले आणि हजारो जोड पुन्हा तपासावे, करावे लागले. २००७ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या केंद्राचा शेवटचा संच ३१ जुलै २०२१ रोजी पूर्णपणे कार्यान्वित झाला, आणि अवघ्या आठ दिवसांनी त्याच केंद्राच्या चौथ्या संचात हायड्रोजनचा स्फोट होऊन जनित्र उद्ध्वस्त झाले. वायू बाहेर काढण्याची ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती, असे कंपनीनेच प्राथमिक तपासानंतर सांगितले.

याहून बोलका प्रसंग कोळशाचा आहे. ऑप्टिमम नावाची खाण जुन्या करारातील कमी दराने एस्कॉमला कोळसा पुरवत होती आणि तोट्यात होती. तिच्या मूळ मालकाने दर वाढवून मागितला. एस्कॉमने नकार दिला, उलट कोळशाच्या दर्जाबद्दल २.१७ अब्ज रँडचा (रँड हे दक्षिण आफ्रिकेचे चलन) दंड पुढे केला. कागदावर हा कंपनीच्या हिताचा कणखरपणा दिसतो, आणि लेखापरीक्षक म्हणून मीही कदाचित त्याला आक्षेप घेतला नसता. खाण अडचणीत येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली. मग तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या निकटच्या गुप्ता या उद्योजक कुटुंबाशी संबंधित तेजेता ही कंपनी खाणीची खरेदीदार म्हणून पुढे आली. ११ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे खरेदीची रक्कम भरायची वेळ येऊन ठेपली असताना, तिला सुमारे ६० कोटी रँड कमी पडत होते आणि बँकांनी कर्ज नाकारले होते. त्याच रात्री एस्कॉमच्या निविदा समितीची तातडीची बैठक झाली आणि तेजेताला भावी कोळशापोटी सुमारे ६६ कोटी रँडचा अग्रिम मंजूर झाला. पुढे तोच दंड नव्या मालकासाठी कितीतरी कमी रकमेवर मिटवण्यात आला. लोकपाल थुली मदोन्सेला यांच्या २०१६ च्या अहवालाने आणि नंतर न्यायमूर्ती रेमंड झोंडो यांच्या आयोगाने हा घटनाक्रम तारीखवार मांडला आहे. यात कोळशाचा एकही तुकडा चोरीला गेला नाही. नियम तेच होते, फक्त एका मालकाला ते गळफासासारखे लावले गेले आणि दुसऱ्याला शिडीसारखे.

असे निर्णय घडवून आणायचे, तर 'नाही' म्हणू शकणारी माणसे आधी वाटेतून दूर करावी लागतात. एस्कॉममध्ये मार्च २०१५ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह चार वरिष्ठ अधिकारी एकाच वेळी निलंबित झाले, आणि त्यांच्यापैकी तिघे त्या वेळी परत आलेच नाहीत. त्याच देशाच्या महसूल सेवेतही तेच घडले : कर वसुलीत नावाजलेल्या या संस्थेची २०१४ नंतर सल्लागार कंपनीच्या मदतीने पुनर्रचना करण्यात आली, मोठ्या करदात्यांवर लक्ष ठेवणारा विभाग मोडला गेला आणि अनुभवी अधिकारी बाहेर पडले. २०१८ च्या न्युजंट आयोगाने यावर अत्यंत कठोर शब्दांत अहवाल दिला. पैसा परत मिळवता येतो. सल्लागार कंपन्या आणि पुरवठादारांकडून एस्कॉमला तो काही अंशी परत मिळालाही. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीने सुमारे एक अब्ज रँड परत केले, एबीबी या पुरवठादार कंपनीने १.५६ अब्ज. पण वीस वर्षे एकाच टर्बाइनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा अभियंता निघून गेला की तो परत विकत मिळत नाही, आणि त्याच्या हाताखाली जे तयार झाले असते तेही तयार होत नाहीत.

बदल्या आणि नेमणुका यांचा बाजार हा याच प्रक्रियेचा खालच्या स्तरावरील भाग आहे. दक्षिण भारतातील कालवे सिंचनाचा अभ्यास करून रॉबर्ट वेड यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, मलईदार जागेसाठी अभियंते वार्षिक पगाराच्या कितीतरी पट रक्कम मोजत होते. एकदा रक्कम मोजून जागा घेतली की ती वसूल करणे भाग पडते, आणि ती कंत्राटदारांकडून व पाणी हवे असलेल्या शेतकऱ्यांकडूनच वसूल होते. वेड यांचे म्हणणे मला विशेष महत्त्वाचे वाटते ते यासाठी की, या व्यवस्थेत अधिकाऱ्याला पाण्याचे वेळापत्रक अनिश्चित ठेवण्यातच फायदा असतो : पाणी वेळेवर येणार याची खात्री पटली, तर पैसे कोण देईल? परवान्याची फाईल आणि पाण्याची पाळी ज्या देशात अडते, तेथे बऱ्याचदा तो अडथळा हेच उत्पन्नाचे साधन झालेले असते.

निविदांच्या फाईली मी शेकड्यांनी वाचल्या. नवख्या माणसाला वाटते की भ्रष्टाचार दर उघडण्याच्या दिवशी होतो. खरे तर तोवर सारे संपलेले असते. अर्हतेच्या अटी पाहाव्यात. एखाद्या साध्या व्हॉल्व्हच्या खरेदीसाठी "गेल्या तीन वर्षांत याच व्यासाचे, याच धातूचे आणि एवढ्याच संख्येने पुरवल्याचा अनुभव" मागितलेला असेल, तर ती अट कुणाच्या कार्यालयात लिहिली गेली, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. एका फाईलमध्ये तीन प्रतिस्पर्धी पुरवठादारांची दरपत्रके होती आणि तिन्हींमध्ये एकाच शब्दाचे शुद्धलेखन सारखेच चुकलेले होते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे पडत्या दराने काम घेणे आणि मग वाढीव कामे, बदललेले आराखडे, मुदतवाढी यांतून ते भरून काढणे. निविदेचा टप्पा सर्वांच्या नजरेखाली असतो, नंतरचे वाढीव देयक मात्र कनिष्ठ अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकातून गुपचूप पुढे सरकते. म्हणून मी शिकाऊ लेखापरीक्षकांना नेहमी सांगतो, की फाईल शेवटच्या पानापासून वाचावी.

याचा एक दुष्परिणाम फारसा बोलला जात नाही, आणि तो मला सर्वांत जास्त खुपतो. घोटाळा बाहेर आला की नियम वाढतात, प्रत्येक खरेदीला आणखी दोन सह्या लागतात, आणि प्रामाणिक अधिकारी सही करायलाच घाबरू लागतो. चोराला नियमांतून वाट काढता येते, कारण त्याची साखळी वरपर्यंत असते. अडकतो तो सरळ माणूस, ज्याला आज रात्री एक सील बदलायचे आहे आणि ज्याला त्यासाठी तीन दरपत्रके हवी आहेत. अशा रीतीने लुटीचा काळ संपल्यावरही संस्था वर्षानुवर्षे लुळी राहते.

सरकारी बँकांत हेच कर्जाच्या रूपाने दिसते. पाकिस्तानातील कर्जांच्या नोंदी तपासून असीम ख्वाजा आणि आतिफ मियाँ यांनी २००५ मध्ये दाखवले की, राजकीय संबंध असलेल्या कंपन्यांना ४५ टक्के जास्त कर्ज मिळत होते आणि त्यांच्या थकबाकीचे प्रमाण ५० टक्के अधिक होते. हा पक्षपात सरकारी बँकांतच आढळला, खासगी बँकांत नाही. ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेल कंपनीत ठेकेदारांनी टोळी करून कामे आपापसांत वाटून घेतली आणि कंत्राटाच्या किमतीचा एक ते तीन टक्के हिस्सा अधिकारी व राजकीय पक्षांना पोचवला. २०१४ मध्ये हे बाहेर आल्यावर कंपनीने पुढच्या वर्षी ताळेबंदातून भ्रष्टाचारापोटी ६.२ अब्ज रियाल वजा केले, आणि मालमत्तांचे घटलेले मूल्य म्हणून आणखी ४४.६ अब्ज. दुसऱ्या आकड्याला तेलाचे पडलेले भावही कारण होते. पण चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या खर्चाने उभारलेल्या प्रकल्पांचा त्यात मोठा वाटा होता, आणि प्रश्नातल्या शंकेचे उत्तर या दोन आकड्यांतील अंतरात बऱ्याच अंशी मिळते.

सेवा घेणाऱ्यापर्यंत हे पोचते तेव्हा काय होते, याचे मोजमाप युगांडात झाले. १९९१ ते १९९५ या काळात केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पाठवलेल्या अनुदानापैकी सरासरी अवघे १३ टक्के शाळांपर्यंत पोचत होते, बाकीचे जिल्हा पातळीवरच जिरत होते. यानंतर ज्याची ऐपत असते तो सार्वजनिक सेवा सोडून जातो : स्वतःचे जनित्र बसवतो, मुलांना खासगी शाळेत घालतो. वेळेवर पैसे भरणारा आणि तक्रार केली तर ऐकली जाईल असा ग्राहकच निघून गेल्याने संस्थेचे उत्पन्न घटते आणि तिच्यावरचा दबावही. मागे राहतात ते ज्यांच्याकडे पर्याय नाही असे लोक. राजकीय भ्रष्टाचाराविषयी बोलताना माझा तोल जातो तो या टप्प्यावर, कारण त्याचे बिल शेवटी सर्वांत गरीब माणसाच्या नळावर आणि त्याच्या मुलाच्या वर्गात फाडले जाते.

आता खासगीकरणाचा प्रश्न. वरील प्रकरणांत लाच देणारे जवळजवळ सगळे खासगी होते, ही गोष्ट विसरता कामा नये. ओडेब्रेख्त ही ब्राझीलची बांधकाम कंपनी खासगीच होती. तिने बारा देशांत मिळून सुमारे ७८.८ कोटी डॉलर लाच दिल्याचे २०१६ मध्ये कबूल केले आणि त्यासाठी तिच्याकडे चक्क एक स्वतंत्र विभाग होता. जेथे खरी स्पर्धा शक्य आहे, तेथे सरकारने धंद्यातून बाहेर पडावे असे माझे मत आहे. पण पाणी, वीजवाहिन्या आणि रूळ यांची मक्तेदारी स्वभावतःच राहते. नेमणुका विकणारी राजवट असताना ती खासगी हातात दिली, तर टक्केवारी दर महिन्याच्या खरेदीऐवजी एकदाच, विक्रीच्या वेळी आणि नंतर नियामकाच्या नेमणुकीत वसूल होते, आणि त्यावर लेखापरीक्षकाची नजरही उरत नाही.

उपायांविषयी मी मोठी आश्वासने देणार नाही, परंतु काही गोष्टी कामी आल्या आहेत. इंडोनेशियातील ६०० हून अधिक गावांच्या रस्त्यांवर बेंजामिन ओल्केन यांनी केलेल्या प्रयोगात अभियंत्यांनी रस्ते खोदून प्रत्यक्ष खडी आणि वाळू मोजली. सरकारी तपासणी नक्की होणार हे आधीच जाहीर केलेल्या गावांत हिशेबात न सापडणारा खर्च सुमारे ८ टक्के बिंदूंनी घटला. कागद न पाहता रस्ता खोदणे हे मला मनापासून पटते. निळा रंग लागलेल्या निपलने मला तेच शिकवले होते. स्लोव्हाकियात २०११ पासून सरकारी करार इंटरनेटवर प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलातच येत नाही, त्यामुळे करार दडवून ठेवण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. युगांडात अनुदानाचे आकडे वर्तमानपत्रांत छापू लागल्यावर शाळांपर्यंत पोचणारा हिस्सा २००१ पर्यंत ८० टक्क्यांच्या पुढे गेला, जरी त्या काळात तेथे इतर सुधारणाही चालू होत्या. माझ्या अनुभवात मात्र सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे संचालक मंडळ आणि मुख्य अभियंता यांची नेमणूक कोण करतो आणि त्यांना मुदतीपूर्वी कोण काढू शकतो. ती किल्ली मंत्र्याच्या खिशात राहिली, तर बाकीचे सारे नियम पाळूनही तेजेतासारखा अग्रिम एका रात्रीत मंजूर होतो.

एस्कॉमच्या केंद्रांची उपलब्धता, म्हणजे प्रत्यक्ष वीज देण्यास सज्ज असलेल्या क्षमतेचा वाटा, २०१८ मध्ये सुमारे ७८ टक्के होती. २०२४ च्या मार्चअखेरच्या वर्षात ती ५५ टक्क्यांच्याही खाली गेली, आणि २०२३ मध्ये तर वर्षातील ३०० हून अधिक दिवस भारनियमन झाले. सरकारला कंपनीच्या कर्जाचा २५४ अब्ज रँडचा भार उचलण्याची तयारी दाखवावी लागली. त्या पैशाला जोड मिळाली ती नियोजित देखभालीची : ओरड झाली तरी संच ठरल्याप्रमाणे बंद करून दुरुस्त करण्याचा कार्यक्रम चिकाटीने राबवण्यात आला, आणि दरम्यान लोकांनी बसवलेल्या सौर पॅनलांनीही भार हलका केला. २६ मार्च २०२४ नंतर दहा महिन्यांहून अधिक काळ देशात भारनियमन झाले नाही. त्याच मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेला कंपनीच्या मुख्य कार्यकारी पदाची सूत्रे डॅन मारोकाने यांनी हाती घेतली होती. मार्च २०१५ मध्ये निलंबित झालेल्या त्या चार अधिकाऱ्यांपैकी ते एक होते.